पाण्यात उभ्या बारा जणी

कृष्णा आणि येरळा या दोन नद्यांच्या मधल्या साऱ्या मुलखात माझ्या वन्संइतकी उंच बाई आजवर झाली नाही, आणि आपल्या उंचीचं इतकं कमी कौतुक असलेली तर नाहीच नाही. मुलांनो, वन्सं म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, तुमची तासगावची आत्याआजी. माझ्याहून सात वर्षांनी लहान. पण आमच्या पलूसच्या घरात नणंद पाळण्यात असली तरी भावजयीनं तिला 'अहो' म्हणायचं, आणि भावजय वयानं थोरली म्हणून नणंदेनंही तिला 'तुमी' म्हणायचं, असा रिवाज. त्यामुळे पन्नास वर्षं आम्ही दोघी एकमेकींना अहोजाहो करत भांडत आलो आहोत. तुम्ही मागे इथे आला होतात तेव्हा त्यांनी तुमचे पापे घ्यायला दारातच गुडघे टेकले आणि धाकट्यानं घाबरून विचारलं होतं, "या आजी पडल्या का?" त्याच त्या. त्या भारताकडून बास्केटबॉल खेळल्या आहेत. हे वाक्य मी आता सहज लिहिलं, पण कागदावर ते उतरवणं या वर्षी किती अवघड होऊन बसलं आणि ते कुणामुळे, हे तुम्हाला सांगायचं आहे. मात्र आधी त्यांच्या तऱ्हा सांगते. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी व्याकरण शिकवल्यामुळे मला कुठलीही गोष्ट क्रमानंच सांगता येते.

वन्सं कोणतीही वस्तू कुणाच्या हातात देत नाहीत. त्या ती फेकतात. लिंबू, किल्ल्या, साबणाची वडी, बेदाण्याची पिशवी, औषधाची बाटली, काहीही. "घ्या वैनी!" हे शब्द कानावर पडायच्या आत वस्तू छातीशी आलेली असते. आणि खरं नवल पुढेच आहे: ती कधी पडत नाही. मी जन्मात चेंडू झेललेला नाही. शाळेतल्या मुली माझ्याकडे चेंडू आला की "बाई, खाली बसा" असं ओरडायच्या. पण वन्संनी फेकलेलं एक मध्यम आकाराचं कलिंगडसुद्धा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून झेललेलं आहे. त्या फेकतातच अशा की समोरच्याचे हात आपोआप मिटावेत. एकदा आमच्या एका भाच्याच्या लग्नात मांडवाच्या अगदी मागच्या रांगेतून त्यांनी अक्षता टाकल्या. बाकी सगळ्यांच्या अक्षता पुढच्या माणसांच्या केसांत अडकल्या; वन्संच्या मात्र थेट नवरीच्या भांगात पडल्या, आणि त्यातली एकही नवऱ्याच्या वाट्याला गेली नाही. "त्यो काय मोकळा नव्हता," एवढंच त्या म्हणाल्या.

स्वयंपाकघरात त्यांचे नियम चालतात. चुलीसमोर, म्हणजे आता गॅससमोर, कामाशिवाय तीन सेकंदांपेक्षा जास्त कुणी उभं राहायचं नाही. त्यांच्या मोठ्या सुनेला भाजीची चव बघता बघता फोनवर बोलायची सवय आहे, वन्सं मागून बोटं दाखवत मोजतात आणि "तीन झाली, भायेर!" म्हणून तिला बाहेर काढतात. घरात चार माणसं जमून वाद सुरू झाला की वन्सं कुणाची बाजू घेत नाहीत, त्या चुका मोजतात. आवाज चढवला, एक. मेलेल्या माणसाचं नाव मध्ये आणलं, दोन. बायकोच्या माहेरावर गेला, तीन. पाच झाल्या की माणूस बाहेर. त्यांचा थोरला जावई, तालुक्यात मोठं वजन असलेला माणूस, एका दिवाळीत जेवणाआधीच पाच पूर्ण करून ओसरीवर जाऊन बसला होता आणि आतून जिलेबीचा वास येत असताना कुणाकडूनही दाद मिळत नव्हती. "आवं मामी, शेवटची चूक माझी न्हवती!" तो बाहेरून ओरडत होता. वन्सं आतून म्हणाल्या, "पंचाशी वाद घातला, ही सावी चूक."

एसटी स्टँडवर त्यांच्याबरोबर जायला मला एके काळी संकोच वाटायचा आणि आता धीर वाटतो. गाडी लागली की त्या दाराशी पाय फाकवून उभ्या राहतात. ढकलाढकली नाही, शिवीगाळ नाही, नुसत्या उभ्या. गर्दी येऊन त्यांच्यावर फुटते आणि त्यांच्या काखेखालून गावोगावच्या म्हाताऱ्या एकेक करून आत जातात. "कोपर लावायचं न्हाई वैनी," त्यांनी मला शिकवलं. "आपली जागा धरून उभं ऱ्हायचं. मग समोरचाच येऊन धडाकतो, आन् चूक त्याच्या नावावर." मी एकदा तासगावच्या स्टँडवर असं उभं राहून पाहिलं. एक मनुष्य येऊन धडकला, मी खाली पडले, आणि तो "मावशी, बघून चालायचं जरा" म्हणून आत जाऊन खिडकीशी बसला.

आपल्या थोरवीच्या खुणा त्यांनी कशा जपल्या, हेही सांगायला हवं. भारताच्या संघाचा निळा कोट त्यांनी लग्नानंतर द्राक्षबागेतल्या बुजगावण्याला घातला. तुमच्या आजोबांनी सुट्टीवर आल्यावर तो पाहिला. ते फौजेतले, त्यांना रागच आला. "अगं, देशाचा कोट हाय त्यो!" वन्सं म्हणाल्या, "मग? देशाचीच द्राक्षं राखतोय की." दोन हंगामांत पाखरांनी त्या कोटाच्या खिशावरचं चिन्ह टोचून टोचून नेलं. प्रमाणपत्रं, पासपोर्ट, वर्तमानपत्रांची कात्रणं पलूसला माहेरच्या ट्रंकेत होती. महापुरात ट्रंक जागची हलली नाही, पण आतल्या सगळ्या कागदांचा एकच लगदा झाला. तो त्यांनी उन्हात वाळवला, हातात धरून वजन केलं, आणि म्हणाल्या, "येवढं खेळलो व्हय मी?"

तर या वर्षी सांगलीला एक नवं बंदिस्त क्रीडागृह झालं. त्याच्या एका भिंतीवर जिल्ह्यातल्या जुन्या खेळाडूंच्या नावांच्या पाट्या लावायचं ठरलं. वरच्या ओळीत आंतरराष्ट्रीय, खाली राष्ट्रीय, त्याखाली राज्य. वन्संच्या कारकिर्दीचं मूल्यमापन करणारी दोन पानं पुराव्यांसह लिहून द्यायचं काम समितीनं माझ्याकडे दिलं, कारण मी घरची, शिकलेली आणि अक्षर चांगलं. मला फार आनंद झाला. मी नवी वही आणली, पट्टीनं रकाने आखले: वर्ष, स्थळ, प्रतिस्पर्धी, गुण, निकाल. आणि वन्संना इथे मलकापूरला, आमच्या आताच्या घरी, बोलावून घेतलं.

"परदेशातली स्पर्धा कोणत्या साली झाली?" मी विचारलं.

"आमच्या म्हशीला जुळी झाली त्या साली."

"गाव कोणतं?"

"नाव न्हाई ध्यानात. लय पाऊस हुता. आन् हाटेलातल्या साबणाच्या वड्या लय बारक्या. तुमाला बारा आणून दिल्या हुत्या की, सगळ्या पोरींकडनं गोळा करून."

ते खरं होतं. त्या वड्या मी कपाटात साड्यांमध्ये ठेवल्या होत्या. साल मात्र मलाही आठवेना. "प्रतिस्पर्धी संघ कोणता?"

"उंच हुत्या पोरी."

"निकाल?"

"हरलो. पण वैनी, लय चांगलं हरलो आमी."

"तुमचे गुण किती?"

यावर त्यांनी माझ्याकडे शाळेतल्या मंद मुलाकडे बघावं तसं पाहिलं. "माझ्या बास्केटचं काय घिऊन बसलाय? बॉल कुणी दिला ते लिवा." आणि मग अर्धा तास त्या, कोणी कुठून कसा पास दिला, हे बशी, वाटी, मिठाची बरणी मांडून दाखवत राहिल्या. माझ्या रकान्यांमध्ये काहीही बसेना. संध्याकाळी पाहिलं तर वहीत एकच नोंद होती, 'निकाल: चांगला पराभव', आणि तीही मी खोडली.

चार दिवसांनी समितीचे चिटणीस पुरावे बघायला आमच्याकडे आले. चांगला मुलगा, व्यायामशिक्षक. वन्संही आल्या होत्या. वरच्या कचेरीत त्यानं विचारणा केली होती, पण साल आणि गाव सांगितल्याशिवाय जुनी नोंद सापडत नाही असं तिथून कळलं होतं. संघातल्या बाकीच्या मुली देशभर पांगलेल्या, लग्नानंतर आडनावं बदललेल्या. राहिला फक्त एक फोटो. तो आमच्या जिन्याजवळ टांगलेला आहे, तुम्ही पाहिला आहे. बारा मुली एका ओळीत उभ्या, सगळ्यांनी छातीवर हाताची घडी घातलेली, त्यामुळे बनियनवरची अक्षरं झाकलेली. आणि कमरेखाली काही नाही. तिथे चौकट सुरू होते.

चिटणिसांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. "काकू, अशा फोटोत खाली पायाशी पाटी असते. संघाचं नाव, स्पर्धा, गाव, साल, सगळं त्यावर असतं. तो भाग कुठं आहे?"

मी काही बोलायच्या आत वन्संच म्हणाल्या, "वाळवी लागली हुती वो त्याला खालनं. वैनींनी येळंवर कापून काढला म्हणून येवढा तरी वाचला. वैनी लय टापटिपीच्या." आणि त्यांनी माझ्याकडे अशा कौतुकानं पाहिलं की मी चहा आणायला आत निघून गेले. पाणी उकळून अर्धं झालं तरी मी बाहेर आले नाही.

वाळवी नव्हती, मुलांनो. आता ते सांगते.

वन्संचं लग्न ठरवायच्या खटपटी चालू होत्या तेव्हाची गोष्ट. एक मोठं घराणं त्यांना बघायला येणार होतं. तो फोटो नुकताच चौकटीत घालून पलूसच्या सोप्यात लावला होता, आणि त्यात बाराही मुली खेळायच्या अर्ध्या चड्ड्यांमध्ये उभ्या होत्या. सासूबाई मला म्हणाल्या, "पावणं जाईस्तवर त्यो फोटो उतरून ठेव बाई." एवढंच. उतरवून कपाटात ठेवायचा आणि संध्याकाळी परत लावायचा. पण मला त्या रिकाम्या खिळ्याची कल्पना आवडली नाही. शिवाय फोटो पाहिला तर पाहुण्यांवर छाप पडेल असंही वाटलं. नको होते ते फक्त पाय. म्हणून मी चौकट उघडली, पट्टी ठेवली, पेन्सिलीनं रेघ मारली आणि शिवणाच्या कात्रीनं फोटो कमरेवर कापला. कड इतकी सरळ आली की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. याच हातांनी मी कॉलेजात असताना स्त्रियांच्या प्रगतीवर इंग्रजीत निबंध लिहून पहिलं बक्षीस मिळवलं होतं. खालच्या तुकड्यावर ती पाटी होती. तिच्यावर काय लिहिलं होतं ते मी वाचलंसुद्धा नाही.

पाहुणे आले. मुलाच्या चुलत्यांनी चहा पिता पिता फोटो निरखला आणि विचारलं, "ह्या पोरी समद्या पाण्यात उभ्या हाईत व्हय?" सगळे हसले. त्या दुपारी शिबिरातून परतलेल्या वन्संनी आत येऊन मला विचारलं, "वैनी, फोटोला काय झालं?" मी म्हटलं, वाळवी लागली होती. "बरं झालं, तोंडं तरी ऱ्हायली," त्या म्हणाल्या आणि पोहे घेऊन बाहेर गेल्या. तुमचे आजोबा सुट्टीवर आले तेव्हा त्यांनीही विचारलं, हे कुणी केलं. वाळवीवर त्यांचा विश्वास बसला नसता, म्हणून त्यांना सांगितलं, आईंनी करायला लावलं. एका कात्रीच्या मी अशा दोन कथा केल्या. सासूबाईंना ते कधी कळलं नाही. आजोबांनी मात्र आईशी त्यावरून चार दिवस अबोला धरला, आणि मी ते चार दिवस बघत राहिले. ते स्थळ काही जमलं नाही. मुलगा वन्संच्या खांद्याला लागत होता. पुढे त्यांचं लग्न झालं ते तासगावच्या ज्या बागायतदाराशी, त्यानं त्यांना सांगलीच्या मैदानावर खेळताना पाहून स्वतःहून मागणं घातलं होतं. त्याच्या घरी ते पाय चालले असते.

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा चिटणीस उठत होते. "मग आत्यांचं नाव राष्ट्रीयमध्ये घेऊ. तेवढं जुन्या लोकांच्या सांगण्यावर करता येईल. आंतरराष्ट्रीयला कागद लागतो." वन्सं म्हणाल्या, "चालंल की." मला वाटलं, चाललं. त्यांना कशाचंच काही नसतं.

पण ते चाललं नव्हतं. पंधरा दिवसांनी त्यांच्या धाकट्या सुनेचा फोन आला. ती मनानं चांगली आहे पण जीभ सैल. हसत हसत म्हणाली, "अहो मामी, समितीनं नाव खाली घातलं म्हणून बेदाण्याच्या शेडमध्ये बायका विचारत होत्या, सासूबाई इंडियाकडनं खेळल्या का इंदापूरकडनं? आम्ही आपली चेष्टा केली. तर त्या दोन दिवस जेवायला आमच्यात बसल्या नाहीत." आणि मग आवाज उतरवून तिनं विचारलं, "खरं सांगा मामी, खेळल्या होत्या ना नक्की?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी तासगावला गेले. काय बोलायचं ते तीन मुद्द्यांत ठरवलं होतं. वन्सं बेदाण्याच्या शेडमध्ये उलट्या क्रेटवर बसून बेदाणा निवडत होत्या. बाकीच्या बायका जेवायला गेल्या होत्या. मला बघून त्यांनी शेजारचा क्रेट पायानं पुढे ढकलला. मी बसले आणि तीनही मुद्दे विसरले.

"वन्सं, वाळवी नव्हती."

"कुठं?"

"फोटोला. मी कापला तो. कात्रीनं."

त्यांचा हात थांबला नाही. चांगला बेदाणा डावीकडे, काडीचा उजवीकडे. त्या म्हणाल्या, "आईनं सांगितलं असंल. पावणं यायचं हुतं तवा."

वाट अगदी मोकळी करून दिली होती त्यांनी. मी ती एकदा आजोबांसमोर वापरली होती आणि खोटं सांगत नाही, त्या क्षणीही माझं पाऊल तिकडे वळलं. मग म्हटलं, "नाही. त्यांनी फक्त उतरवून ठेवायला सांगितला होता. कापला तो माझ्या मनानं."

"का वो?"

"लाज वाटली."

"माझ्या पायांची?"

मी मान डोलावली. शेडच्या पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज येत होता.

"आन् कापल्यालं कुठं टाकलं?"

"बंबात घातलं. त्याच दिवशी."

आता त्यांचा हात थांबला. "माझं ऱ्हाऊ द्या वैनी. माझं पाय हाईत हितं, अजून चालत्यात. पर त्या बाकीच्या अकरा जणींचं बी जाळलं की तुमी." आणि मग समोरच्या बेदाण्याकडे बघत त्या डावीकडून एकेक पाय सांगू लागल्या. पहिलीच्या गुडघ्याला पांढरी पट्टी, ती रात्रभर रडली होती आणि तरी उभी राहिली होती. दुसरीच्या बुटाला निळी नाडी आणि काळी नाडी, कारण एक तुटली. चौथीचे बूट सातवीचे, सातवीचे दहावीचे. चांगले जोड नऊच होते आणि खेळायला उतरेल तिनं ते घालायचे. फोटोपुरते मात्र बाराजणींत जमतील तसे वाटून घेतले होते. अकराव्या मुलीच्या पायात एकच मोजा, दुसरा वाळत घातला होता. आठवीच्या पोटरीवर लहानपणीचा कुत्रा चावल्याचा व्रण. "तिला त्यो व्रण दिसू ने वाटायचा. मी म्हनलं, उभी ऱ्हा माज्या पायामागं. म्हणून माजा एक पाय वाकडा आलाय त्यात. आला हुता."

"आणि पाटीवर?" मी विचारलं. अजूनही मला रकाना भरायचा होता बहुतेक.

"पाटी कुणी वाचली, वैनी? आमी समोर बघत हुतो."

मी क्षमा मागितली. त्यांनी 'असू द्या' म्हटलं नाही. कसला अपशब्दही काढला नाही. "चा पिऊन पाचच्या गाडीनं जावा," म्हणाल्या. दर वेळी मला गाडीत बसवून द्यायला येणारी माझी नणंद त्या दिवशी क्रेटवरून उठली नाही. गाडीत मला बसायला जागा मिळाली नाही आणि वाटेतल्या पलूसपर्यंत मी उभ्यानं आले. तेही बरोबरच झालं असं मला वाटलं.

घरी येऊन मी समितीला पत्र लिहिलं. खाडाखोड न करता, सगळं, कात्रीसकट. खाली सही केली. चिटणीस स्वतः येऊन भेटले. "काकू, पत्र वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं," तो म्हणाला. "पण फोटो कापला याचा हा पुरावा झाला. त्या भारताकडून खेळल्या याचा नाही झाला. आणि पाट्या तयार होऊन आल्यात." तो चूक नव्हता. मी त्याला म्हटलं, मग उद्घाटनाला मला दोन मिनिटं बोलू दे.

समारंभाच्या दिवशी वन्सं पहिल्या रांगेत बसल्या होत्या, माझ्या शेजारची खुर्ची सोडून. त्यांच्या मागची खुर्ची नेहमी रिकामी ठेवलेली असते, कारण त्यांच्या मागे बसून कुणालाच काही दिसत नाही. मागे दोन्ही सुना, जावई, शेडमधल्या बायका, पलूसची भावकी. भिंतीवर त्यांच्या नावाची पितळी पाटी, दुसऱ्या ओळीत. माझं नाव पुकारल्यावर मी उठून आमच्या रांगेसमोरच उभी राहिले. ध्वनिक्षेपक आधी किंचाळला, मग गप्प झाला, मग चालू झाला. मी सांगितलं की दुसऱ्या ओळीत जे नाव आहे ते पहिल्या ओळीत असायला हवं होतं. त्याचा पुरावा होता, आणि तो मी घरातल्या बंबात जाळला. कुणी सांगितलं नव्हतं, सासूबाईंनीसुद्धा नाही. मला एका मुलीच्या उघड्या गुडघ्यांची लाज वाटली, आणि आज जी लाज वाटते आहे ती तिच्यापेक्षा पुष्कळ मोठी आहे. एवढं बोलून मी थांबले. तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांना भाषण संपलं असं वाटून त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि एकटेच पडल्यामुळे थांबवल्या. धाकटी सून पदर तोंडाला लावून बसली होती. मग कुणीतरी माझ्या साडीला मागून हिसका दिला.

"बसा खाली वैनी," वन्सं म्हणाल्या. "पोरी कवाच्या तयार हाईत. अंग गार पडतंय त्यांचं."

मी बसले, मधल्या रिकाम्या खुर्चीवर, कारण तीच जवळ होती. उद्घाटनाचा मुलींचा सामना सुरू झाला. दोन्ही बाजूंनी लांब, सडपातळ, उघड्या पायांच्या मुली धावत होत्या आणि त्यांचे वडील उभे राहून मोबाईलवर चित्रण करत होते. मला त्यातलं काही कळत नव्हतं. चेंडू जिकडे जाईल तिकडे मी मान फिरवत होते. थोड्या वेळानं वन्संनी समोर बघतच विचारलं, "वैनी, तुमी माझी एक तरी मॅच बघितली हुती व्हय?"

मी आठवून पाहिलं. सांगलीला, कोल्हापूरला, साताऱ्याला त्या किती वेळा खेळल्या. मी घरी होते, परीक्षेचे पेपर तपासत होते, पाहुणे होते, काहीतरी होतंच. "नाही," मी म्हटलं.

"एक बी न्हाई?"

"एकसुद्धा नाही."

त्यांनी मान डोलावली. रागावल्या नाहीत, त्याऐवजी थोड्या माझ्याकडे सरकल्या. "मग बघा आता. पण बॉलकडं बघू नका. समदी बॉलकडंच बघत्यात. ती कडंची बघा, सात नंबरची. तिच्याकडं बॉल न्हाई, तिला बघा."

सात नंबरची मुलगी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात धावली आणि हात पुढे करून थांबली. चेंडू आला नाही. ती परत फिरली, पुन्हा धावली, पुन्हा हात पुढे केले.

"तिला देतील का?" मी विचारलं.

"कुणाला ठावं. पर ती पळाली म्हणून तर पलीकडची मोकळी झाली. बघा, बघा."

मी बघत होते. मध्यंतराची शिट्टी होईपर्यंत चेंडू त्या मुलीकडे एकदाही आला नाही, आणि मी तिच्यावरची नजर एकदाही काढली नाही.